मशीन न्हाय म्हणंस्तवर

संगणकाचं कुठलंही मशीन पुढ्यात आलं की मुनीरभाई आधी त्याच्याशी भांडण उकरून काढत. एक रिकामी फाईल उघडायची, मग दुसरी, मग तिसरी. आधीची एकही मिटायची नाही. मशीन पुढची फाईल द्यायला नकार देईपर्यंत हा उद्योग चाले. मग तो आकडा टिपून सगळ्या फायली मिटायच्या आणि त्यानंतर खरं काम. एका वेळी किती फायली उघड्या राहू शकतात हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असे, पण त्यावर विश्वास ठेवतील तर ते मुनीरभाई कसले!

परंड्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी संगणक विभागाची प्रमुख होते, म्हणजे विभागातल्या दोघांपैकी एक. दुसरे मुनीरभाई. परंड्याचेच, हैदराबादेत सी भाषा शिकून आलेले आणि हंगामापुरत्या नेमणुकीवर लागलेले. ऊसतोडीचा क्रम लावणारा प्रोग्राम त्यांचा. दर गावाची एक फाईल, आणि सगळ्या गावांचा ऊस एकमेकांशी ताडून पाहायचा म्हणून सगळ्या फायली एकदम उघड्या लागत. रोज सकाळी त्यांची ही परीक्षा सुरू झाली की डिस्क घरघरत राही आणि माझं डोकं फिरे.

"अहो, आकडा छापलाय ना मॅन्युअलात? तो टाका आणि मोकळे व्हा," मी म्हणे.

"ताई, त्यातल्या काही जागा की-बोर्ड, पडदा, प्रिंटरनं आधीच खाल्ल्यात. मशीन त्यायलाबी फायलीच समजतं. छापणाऱ्याला काय तकलीफ हाय? मशीनलाच इचारायचं. न्हाय म्हणंस्तवर इचारायचं."

"मग मशीनला सरळ विचारायची सोय असेल की!"

"हाय की. पर हितं तिचं नाव येक, दुसऱ्या मशीनवर दुसरं, अन् तिसऱ्यावर सोयच न्हाय. 'न्हाय' म्हणायला मातुर समद्यायला येतं."

मी कपाळाला हात लावत असे.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरी आटल्या होत्या, उभा ऊस वाळत होता. आणखी आठवडा गेला असता तर त्याचं सरपण झालं असतं. आणि नेमकं तोडीचा कार्यक्रम काढायच्या दिवशी आमचं मशीन बंद पडलं. चेअरमनसाहेबांनी कळंबच्या एका संस्थेचं मशीन दिवसभरासाठी मागून घेतलं आणि आम्हाला जीपमध्ये घालून पाठवलं. इकडे टोळ्या कोयते घेऊन खोळंबल्या होत्या.

तिथं पोचल्या पोचल्या मुनीरभाईंनी काय करावं? रिकाम्या फायली उघडायला घेतल्या! माझा नुसता संताप झाला. पण मशीनने नकार दिला तो फारच लवकर. आमची गावं जास्त आणि फायली कमी. गावं अक्षरांच्या क्रमाने लावलेली, त्यामुळे शेवटची काही बाहेर राहणार होती, त्यात सोनारीही.

मी चेअरमनसाहेबांना फोन लावला. "बसत्यात तेवढ्या गावांचं काढा," ते गरजले. "ऱ्हायलेल्यांचं फुडल्या आठवड्यात बघू."

मी निरोप दिला. मुनीरभाईंनी मानही वर केली नाही. "हद मशीनची हाय, ताई. आपण कशापायी न्हाय म्हणायचं?"

आणि ते चक्क प्रोग्राम बदलायला बसले. आधी निम्म्या गावांचा क्रम, मग उरलेल्यांचा, शेवटी दोन्हींची जुळणी. दुपार गेली. चेअरमनसाहेबांचे फोन मी घेत होते, शिव्या मी खात होते, आणि हे गृहस्थ मध्येच विचारत होते, "ताई, चहा मिळंल का?" त्या क्षणी तो चहा त्यांच्या डोक्यावर ओतावा असं मला वाटलं.

संध्याकाळी कार्यक्रम निघाला. सगळ्यात जास्त वाळलेला ऊस सोनारीचा, म्हणून सोनारी पहिली आली. चेअरमनसाहेबांचं स्वतःचं गाव बरंच मागे गेलं.

हंगाम संपला तेव्हा मुनीरभाईंची नेमणूक वाढवली गेली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी त्यांना परंड्याच्या स्टँडवर सोडायला गेले. खरं तर राग चेअरमनसाहेबांचा यायला हवा होता, पण मला येत होता तो मुनीरभाईंचाच. इतकं चांगलं माणूस आपल्या हट्टापायी निघून चाललं होतं आणि मला त्यांच्यावाचून करमणार नव्हतं.

"चार गावं आठवडाभर थांबली असती तर तुमचं काय बिघडलं असतं हो?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माझं काय बिघडायचं?" त्यांनी ट्रंक उचलली. "पर मशीन थांबलं तिथून फुडं बी गावंच हायती की, ताई. मानसं ऱ्हात्यात तिथं."

तेवढ्यात कुर्डुवाडीची गाडी लागली, आणि माझं भांडण तसंच राहून गेलं.