न ओरडता मेलेला अंतराळवीर

"पण मरताना हा माणूस ओरडत कसा नाही?" मी विचारलं.

समोर पराते बसले होते. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत ते असिस्टंट मॅनेजर होते. भुयारात हवा खेळती ठेवणं हे त्यांचं काम. मी तेव्हा नागपुरात एका प्रकाशनात संपादक होतो आणि त्यांची लघुकादंबरी आम्हाला छापायची होती. अवकाशयानात पाच माणसं. त्यातला एक जण दुसऱ्याच्या केबिनमधली हवा हळूहळू बिघडवून त्याचा खून करतो. शेजारी तिघं पत्ते खेळत असतात, त्यांना पत्ताही लागत नाही.

"वाचक हसतील," मी म्हटलं. "जीव गुदमरला की माणूस दार बडवतो. एक किंकाळी टाका."

"काहून ओरडन जी तो? त्याले समजलं तं ओरडन ना!" पराते म्हणाले. "रविवारी खाणीत या. दाखवतो तुमाले."

परवानगी त्यांनीच काढली. रविवारी काम बंद होतं. डोक्यावर दिव्याची टोपी घालून आम्ही खाली उतरलो. सोबत रामदीन सरदार होता. सरदार म्हणजे खाणीच्या एका भागातल्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस. चालत चालत आम्ही एका बंद पडलेल्या, खाली उतरत जाणाऱ्या गॅलरीच्या, म्हणजे बोगद्याच्या, तोंडाशी आलो. खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्याचा आवाज इथं येत नव्हता. मला परत फिरावंसं वाटलं, पण बोलायची लाज वाटली.

परात्यांच्या हातात सेफ्टी लॅम्प होता. काच आणि जाळीत बंद केलेली एक ज्योत. ती बारीक झाली की समजायचं, हवेत ऑक्सिजन कमी आहे.

"खराब हवा जड असते," ते म्हणाले. "खाली साचते. वास नाही, रंग नाही. तुमी इथंच उभे राहा."

ते चार पावलं उतरले, उकिडवे बसले आणि लॅम्प जमिनीजवळ नेला. ज्योत आक्रसली, निळसर झाली, विझली. खरं तर तेव्हाच उठायचं असतं. पण ते मला समजावत बसले.

"म्हणजे आपला तो अंतराळवीर पाहा, त्याले वाटते का..."

पुढचं वाक्य आलं नाही. मला वाटलं, शब्द शोधताहेत. माझ्या टोपीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. पाठ भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे उघडे, चेहरा शांत.

"परातेसाहेब?"

मी धावलो, खाली वाकलो, तेवढ्यात मागून माझी कॉलर कोणीतरी ओढली.

"झुको मत, साहब! आप भी जाओगे!"

रामदीनने मला मागे ढकललं, छातीभर श्वास घेऊन कोंडला आणि खाली गेला. परात्यांना काखेत धरून त्याने चढावर ओढत आणलं. शेवटच्या दोन पावलांना मी त्यांचा पट्टा धरून खेचलं. त्या दिवशी खाणीत किंकाळी फुटली, ती माझी. मला ते मेलेलेच वाटले होते.

पंख्याच्या हवेत आणल्यावर त्यांना भडभडून ओकारी झाली. मग डोळे उघडून ते आमच्याकडे बघत राहिले.

"काय झालं? मी तं उठून राहिलो होतो ना!"

त्यांना खरंच वाटत होतं की ते स्वतः उठून वर आले. हे ऐकून मला जास्त भीती वाटली. वर येईपर्यंत मी एकसारखा मोठमोठ्याने श्वास घेत होतो.

परात्यांना मॅनेजरकडून मेमो मिळाला. दोन दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं. लघुकादंबरी किंकाळीविना छापली. मी एकच बदल सुचवला: मरणाऱ्याचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबावं आणि पत्ते खेळणाऱ्यांना वाटावं, झोप लागली असेल. परात्यांनी तो आनंदाने केला.

पुस्तक बरं खपलं. तरी एका वाचकाने लिहिलंच, 'खून पटला नाही. माणूस साधा ओरडतही नाही?'

संपादकाने लेखकाचा प्रत्येक तपशील तपासावा, हे मी आजही नव्या लोकांना सांगतो. फक्त जमिनीच्या वर, खिडकी उघडी ठेवून.