बिनखिशाचे काका

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या काकांच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता. जुन्या नोटा नष्ट करणाऱ्या सरकारी खात्यात ते नोकरीला होते. मळलेल्या, फाटलेल्या, थुंकी लावून मोजून मोजून लिबलिबीत झालेल्या नोटांची पोती तिथे येत. काका त्या यंत्रात घालत आणि दुसऱ्या तोंडाने भुसा पडे. आत जायचं ते बिनखिशाचा गणवेश घालूनच. तीस वर्षांत सवय अशी अंगवळणी पडली, की काकू घरचे शर्टही तसेच शिवायच्या. मग चष्मा, किल्ली, बसचं तिकीट सगळं काकूंच्या पिशवीत. "हा माझा खिसा," असं काका त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे आणि काकू दर वेळी लटकं रागवायच्या.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. नर्स आहे, डायलिसिसचं खास शिक्षण घेतलेली. कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात दोन मशीन होती, ती मी चार वर्षं चालवली. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्या आठवड्यातून तीनदा माझ्याकडे यायच्या. चालत सात मिनिटं. चार तास पडल्या पडल्या माझ्या लग्नाची काळजी करायच्या.

मग सरकारने काटकसर जाहीर केली. कंत्राटी लोकांना मुदतवाढ नाही. मी घरी बसले. मशीनवर चादरी पडल्या, दाराला कुलूप लागलं. कुलूप मात्र नवंकोरं आणलं होतं, त्याला पैसे निघाले.

लोक चिडले, म्हणून एक अधिकारी दवाखान्याच्या आवारात समजूत काढायला आले. म्हणाले, "तिजोरीत खडखडाट आहे हो. सरकारचंही तुमच्या-आमच्या घरासारखंच असतं. अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात."

मी उठून उभी राहिले. मला एवढंच विचारायचं होतं, की मशीन आहे, खोली आहे, मी इथे उभी आहे, पेशंट म्हणजे काकू माझ्या शेजारी बसल्यात. मग नेमकं काय संपलंय? तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उठले.

"मी तीस वर्षं पैशातच काम करतोय," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साहेबांना उगाच धारेवर धरू नका."

रोज पोत्यांनी नोटा पाहणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या. जो तो घरी गेला. अधिकाऱ्याने काकांना हात जोडले, आणि काका दोन दिवस ताठ मानेने फिरले. मला खाली बसवल्याबद्दल त्यांचा राग आला होता. अजूनही येतो.

दुसरं युनिट शहराच्या पार त्या टोकाला. दोन बस बदलायच्या, जाऊन-येऊन पाच तास, वर मशीनवरचे चार. काकूंच्या तीन खेपांच्या दोन झाल्या, दोनाची कधी एक. पाय सुजायचे, बसची पायरी चढवेना. मी वर घरात शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करत होते. सरकारने माझ्या शिक्षणावर केलेला खर्च मी शर्टांच्या कॉलरवर फिरवत होते. सात महिन्यांनी एका सकाळी काकू बसथांब्याच्या बाकावर बसल्या बसल्या गेल्या. बस आली, काकांनी "चल गं" म्हणून हात ओढला, तेव्हा त्यांना कळलं.

पंधरा दिवसांनी काका कामावर गेले. त्या दिवशी आलेल्या पोत्यांवर कर भरणा केंद्राची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी त्यांनी हजारदा पाहिली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी यंत्र थांबवलं आणि खात्याच्या मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, हा लोकांनी भरलेला कर ना? मग याचा मी भुसा केल्यावर सरकार खर्च कशातून करतं?"

बाई हसल्या. "अहो काका, तीस वर्षं इथे आहात आणि आज विचारताय? सरकार काय या पोत्यांतून खर्च करतं होय? खर्चाचा हुकूम निघतो, बँकेत आकडा चढतो. नोटा लागल्या तर छापतात."

"मग तिजोरी रिकामी होते म्हणजे काय होतं?"

"काही होत नाही. तसं म्हणायची पद्धत आहे."

"मग वाटेल तेवढा खर्च करावा?"

"वाटेल तेवढा कसा? माणसं नसतील, माल नसेल आणि नुसते आकडे चढवले, तर भाव भडकतील. पण माणूस घरी रिकामा बसलाय, मशीन धूळ खातंय, तिथे कसले भाव भडकताहेत? चला, पोती अडलीत."

काकांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. काय करणार?

निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना नोटांच्या भुशाचा दाबून केलेला एक गोळा दिला, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायला. तो घेऊन काका थेट त्या अधिकाऱ्याकडे गेले. गोळा त्याच्या टेबलावर ठेवला. "साहेब, हा तुमचा खडखडाट. मी केलाय. तुम्ही परत छापाल. माझ्या बायकोचं काय?"

अधिकाऱ्याने भावना समजतात म्हणून सांगितलं आणि गोळा फायलींवर ठेवून दिला. मशीन आजही चादरीखाली आहेत.

काका घरी न जाता तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढले. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसले. चष्मा काढला, तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून राहिले.

"तू त्या दिवशी बोलायला उठली होतीस," ते म्हणाले. "मी तुला खाली बसवलं नसतं तर?"

त्यांना खोटा दिलासा द्यावा असं क्षणभर वाटलं. पण खरं ते सांगितलं.

"काका, तुम्ही हात केव्हाच सोडला होता. मी बसूनच राहिले. तुमचं म्हणणं मलाही पटलं होतं."