केवळरामभाऊ आणि शुक्रवारचं वाचन

चिखल्याच्या खाणीत केवळरामभाऊंनी उभी नोकरी एकाच कामावर काढली. माणसांना खाली-वर नेणारी डोली ज्या इंजिनावर चालते, ते इंजिन भाऊ चालवत. खालून घंटी आली की तीच परत वाजवून दाखवायची आणि मगच डोली हलवायची. आमचे हे त्याच डोलीतून ये-जा करत. "केवळराम ड्यूटीवर असला की मी डोळे मिटून बसतो," असं ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने भाऊंकडे शुक्रवारचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचून दाखवायचं काम दिलं. दर शुक्रवारी प्रार्थना कोणाच्या तरी घरी असते आणि कोणता भाग वाचायचा ते त्या घरची बाई सांगते. सगळ्यांचे आवडते भाग ठरलेले, त्यामुळे तेच ते पुन्हा येतात. यंदा भाऊ कंटाळले.

"वहिनी, आता मन लागत नाही," ते मला म्हणाले. "मेंढरू हरवते, मेंढरू सापडते. मले पहिलेच मालूम असते. नाताळानंतर आपल्या मंडळीतला अमरच वाचत जाईल."

"अमर तर अजून पोरगा, वाचताना अडखळतो."

"अडखळतो, पण वाचतो तरी. मी तर नुसता बोलून राहिलो."

त्यानंतरच्या शुक्रवारी प्रार्थना चंदाकडे होती. तिचा विक्की बापाशी भांडून नागपूरला निघून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परत येणार होता. प्रविण, म्हणजे चंदाचा नवरा, "आला तर आला," एवढंच म्हणत होता. चंदाने घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट वाचायला सांगितली. भाऊंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि सगळी गोष्ट तोंडपाठ म्हटली. आवाज छान लागला होता. डुकरं राखणारा मुलगा उठला, घराकडे निघाला, आणि लगेच त्याच्या अंगावर नवा झगा, बोटात अंगठी, जेवणावळ!

चहाचा ट्रे घेऊन चंदा दारातच थांबली.

"भाऊ, बाप धावत गेला ते काहून सोडलं?"

"कुठं सोडलं?"

"सोडलं ना. पोरगा सरळ पंगतीतच बसवला तुम्ही!"

सगळे हसले. प्रविण म्हणाला, "जाऊ दे ना, जेवण तर झालं."

"मले तेवढंच ऐकाचं होतं," चंदा म्हणाली. "अन् यायले ऐकवाचं होतं." तिने प्रविणकडे पाहिलं नाही. हसणं थांबलं.

भाऊंनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवून ती जागा वाचली. अमरपेक्षाही हळू. मुलगा अजून दूर असतानाच बापाला दिसला, इथे त्यांचं बोट थांबलं.

"दुरूनच दिसला," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे बाप रस्त्याकडे पाहूनच राहिला होता. हे माह्या ध्यानातच नाही आलं कधी."

प्रविणने चहाचा कप उचलला आणि न पिता तसाच धरून बसला.

परतताना भाऊ माझ्यासोबत कॉलनीच्या रस्त्याने चालत होते. म्हणाले, "वहिनी, घंटी रोज तीच वाजे. पण डोलीत आज कोण बसलं, ते मले थोडीच दिसे? म्हणून ऐकल्याबिगर कधी हलवली नाही. अन् इथं चंदा बसली होती, तर मी न ऐकताच डोली सोडून दिली."

दुसऱ्या दिवशी प्रविण भाजी आणायला म्हणून बस थांब्यावर गेला. थैली घरीच विसरला होता. विक्कीची बॅग खांद्याला लावून परत आला, तेव्हा चंदाने भाजीचं विचारलंसुद्धा नाही.

पुढचा शुक्रवार माझ्याकडे होता. भाऊ गुरुवारीच विचारायला आले. मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. मला ती मनापासून आवडते. त्यांना डिवचायचंही होतं.

"अमरला पाठवताय ना?" मी विचारलं.

"अमरले अजून टाइम आहे," खिशातून चष्मा काढून पुसत ते म्हणाले. "आणा इकडं पुस्तक. पाहू, मेंढरू सापडते का."