दुपट्ट्याखालचा भाव

नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला राहत होते, तेव्हा भाव पाडण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. दुकानदार सांगेल त्याच्या निम्मी किंमत सांगायची, तोंड वाकडं करायचं आणि चालू लागायचं. पावलं मात्र हळू टाकायची, कारण त्याची हाक ऐकू यायला हवी.

सुट्टीत गावी आले की तिथल्या बाजारातही माझं तेच चालायचं. बाबांना हे अजिबात आवडत नसे. बाबा वणीकडच्या बैलबाजारातले दलाल. खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकायचा, त्याखाली त्याची बोटं दाबून भाव सांगायचा, त्यानेही तसंच उत्तर द्यायचं. "बोंबलून कायले भाव करून राह्यली व? अडलेल्या मानसाची इज्जत जाते चारचौघांत," ते मला म्हणायचे.

पण कापसाने माती केली त्या वर्षांत बैलबाजारात नुसते विकणारेच येत. घेणारा नाही तिथे दलालाला कोण विचारतो? बाबा दिवसभर निंबाखाली बसून रिकाम्या हातांनी परतायचे. त्यांचं जेवणही सुटलं, तेव्हा मी हट्टाने त्यांना मस्कतला बोलावून घेतलं. त्यांच्या हातून एकदा तरी सौदा व्हावा, मग माणूस उठेल, एवढीच माझी आशा होती.

आईसाठी ब्लँकेट घ्यायला आम्ही जुन्या बाजारात गेलो. दुकानात एक म्हातारा एकटाच बसलेला. मी तोंड उघडणार तोच बाबांनी दुपट्टा काढून सरळ त्याच्या हातावर टाकला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. म्हातारा दचकला, मग हसला. मोत्यांचे व्यापारी असेच सौदे करायचे, लहानपणी पाहिलंय, असं मोडक्या हिंदीत म्हणाला. एका बोटाला एक रियाल, एवढं मी ठरवून दिलं आणि त्याने हात दुपट्ट्याखाली सारला.

बाबांचा चेहरा किती दिवसांनी असा उजळला होता! पण सौदा लगेच आटपला. ब्लँकेट मला कधीच मिळालं नसतं इतक्या स्वस्तात पडलं.

बाहेर येताच मी लहान पोरीसारखी ओरडले, "बाबा, जिंकलात!"

"काय जिंकलो व माय," दुपट्टा हातातच धरून ते म्हणाले. "मी पह्यलं बोट दाबलं, अन् त्यानं हातच ढिला सोडला. ना ओढाताण, ना काही. अडला हाय तो. आपल्या बाजारात असेच हात लागत होते मले."

परत जाऊन त्याला थोडे जास्त देऊ, असं मी म्हटलं.

"नको. दुपट्ट्याखालचं वर काढत नसतेत."

मला रडू आवरेना. ज्याच्यापासून त्यांना दूर आणलं, तेच मी विमानाचं भाडं भरून त्यांच्या हातात दिलं होतं.

ब्लँकेट घेऊन ते गावी परतले. पुढच्या बैलबाजाराला गेलेच नाहीत. दुपट्टा धुऊन दोरीवर वाळत घातलाय, तो काढतही नाहीत, असं आई फोनवर सांगत होती.