भिंतीवरचे आबा

वाचनालयातल्या आबांच्या डोक्यावरची पगडी माझ्या हातून पुसली गेली, हे मी आतापर्यंत दोघांनाच सांगितलंय. एक माझी सून, ती ऐकून हसली. दुसरे वाचनालयाचे अध्यक्ष, त्यांना घाम फुटला.

आमचं गाव धरणगावपासून अर्ध्या तासावर. वाचनालय ज्या घरात आहे ते एका कापूस व्यापाऱ्याचं, राजस्थानातून आलेल्या घराण्यातलं. त्या शेठना गाव अजूनही आबा म्हणतं, त्यांना पाहिलेलं आता कुणी उरलं नसलं तरी. कापसाइतकाच त्यांना चित्रांचा नाद. धुळ्याला इंग्रज साहेबांचे बंगले रिकामे व्हायचे तेव्हा लोक तिथून खुर्च्या-कपाटं उचलून आणत, आबा चित्रं आणत. निवड कशी करत, तर म्हणे चित्र उलटं धरायचं आणि मागचं कापड अंगठ्यानं चोळून बघायचं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण मलाही पुढून बघून त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मरण्याआधी त्यांनी राहतं घर चित्रांसकट गावाला देऊन टाकलं.

त्यांच्या बैठकीच्या गादीच्या वर, भिंतीवर, एक मोठं तैलचित्र टांगलेलं आहे. काळपट कोट, भरघोस गलमिशा, डोक्यावर पगडी. हे आबा. दर पुण्यतिथीला त्यांना गंध लागतं, हार चढतो, आणि तो हार घालायला धुळ्याहून त्यांची नात येते. ऐंशीच्या पुढच्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. मूलबाळ नाही, भाऊ वारले. आजोबा त्यांच्या जन्माआधीच गेलेले. जवळचं माणूस म्हणून त्यांना उरलंय ते हे भिंतीवरचं. एस.टी.तून उतरतात, रिक्षानं येतात, हार घालून झाला की समोर खुर्ची टाकून तासभर बसतात. कुणाशी बोलत नाहीत.

यंदा अध्यक्षांच्या डोक्यात आलं की स्मरणिका काढायची. आबांचं चरित्र मी लिहायचं, वर चित्रही स्वच्छ करायचं. निवृत्त मास्तर म्हणजे गावाला फुकटचा हात. मीही लगेच हो म्हणालो, कारण आपल्याला कुणी विचारलं की मला हुरळून जायची सवय आहे.

चरित्र लिहायला बसलो आणि लक्षात आलं की आबांबद्दल मला वर सांगितलं तेवढंच माहीत आहे. कागदपत्रं म्हणावीत तर वाळवीनं आधीच वाचून संपवलेली. मग चित्राकडे वळलो. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन कडेनं हळूहळू पुसायला लागलो. कोट उजळला, गाल उजळले, आणि पगडी बोळ्यावर उतरली. मूळच्या वार्निशवर कुणीतरी नंतर चढवलेली होती ती. खाली गुळगुळीत टक्कल निघालं आणि निळ्या डोळ्यांचा एक गोरा म्हातारा माझ्याकडे बघायला लागला.

 चित्र उतरवून उलटं केलं, तर मागे इंग्रजीत छापलेला कागद चिकटवलेला. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरातला एक व्यापारी, चित्रांचा संग्राहक, शहराला वाचनगृह आणि चित्रशाळा देणारा. सुनेनं मोबाइलवर शोधलं आणि पाच मिनिटांत त्याचं सगळं आयुष्य माझ्यासमोर ठेवलं. लहानपणी बाप गेला. किराणा दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात, मग कापडाचा धंदा. पहिली मोठी कमाई हातात आली तेव्हा नवा कोट शिवायचा सोडून त्यानं एक चित्र विकत घेतलं, गायी पाणी पिताहेत असं. गावानं वेड्यात काढलं. पुढे सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच्या घराचं दार उघडं ठेवायचा आणि गिरणीतल्या कामगारांना बूट काढायला न लावता आत घेऊन चित्रं दाखवायचा. शेवटी घर शहराला देऊन टाकलं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझं डोकं चालेनासं झालं. हा माणूस इथे कसा आला? आबांना तो कोण आहे हे माहीत होतं का? मागचा कागद कुणाकडून वाचून घेऊन त्याचं बघून त्यांनी घर दिलं, का नुसतं कापड आवडलं म्हणून चित्र आणलं? आबांनी स्वतःचा फोटो कधी काढू दिला नव्हता एवढं गावात सगळे सांगतात. ते गेल्यावर, त्यांना पाहिलेलेही सरल्यावर, हार कोणत्या चित्राला घालायचा हा प्रश्न आला असणार. शेठच्या गादीच्या वर टांगलेला माणूस शेठ नाही तर कोण असणार? पण शेठचं डोकं उघडं, हे काही बरं दिसेना. मग कुणा रंगाऱ्याला बोलावून पगडी घातली. हे सगळं माझे अंदाज. आपण इतकी वर्षं नमस्कार कुणाला केला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, चार दिवसांवर पुण्यतिथी आली. अक्कांना या वयात काय सांगणार? पगडी घाला परत." मी दोन दुपारी बसून पगडी घातली. निळे डोळेही काळसर केले. बरं जमलं. चरित्राचं पान मात्र कोरंच राहिलं.

पुण्यतिथीला अक्का आल्या. हार घातला, खुर्चीत बसल्या. घरात त्यांची मारवाडी, बाहेर आमच्याशी अहिराणी. म्हणाल्या, "भाऊ, आबानं तोंड आते कसं साफ दिखस." मग म्हणाल्या, "तू आबानं लिखं म्हने. माले सांग ना काही. माले कोनी काहीच सांगं नही."

 त्या इतक्या आशेनं बघत होत्या की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी अमेरिकनाचं आयुष्य आबांचं म्हणून सांगायला लागलो. लहानपणी वडील गेले, दुकानात झाडू मारला, कोट न शिवता चित्र घेतलं. गाव बदललं, गिरणीऐवजी कापसाचं जिनिंग म्हणालो. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला स्वतःची शरम वाटली, पण थांबताही येईना. घर देऊन टाकलं, इथपर्यंत आलो.

"आनि मनी आजी?" अक्कांनी आपल्या आजीचं विचारलं. "घर दिधं तवय ती काय बोलनी?"

अमेरिकनानं लग्नच केलं नव्हतं.  मी म्हणालो, "त्या काही बोलल्या नाहीत."

"गप? मनी आजी?" अक्कांनी डोळे पुसले. मग त्याच सांगायला लागल्या. आजी त्यांनी पाहिली होती, दहा-बारा वर्षांच्या होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपत होत्या. घर गेलं तेव्हा आजी कडेवरचं पोर, म्हणजे अक्कांचे वडील, घेऊन धुळ्याला दोन खोल्यांत राहायला गेली. आबा तिथेच वारले. आजीनं मरेपर्यंत या वाचनालयाची पायरी चढली नाही. आबांचं नाव काढलं की भांडी आपटायची. म्हणजे आबांचा चेहरा ज्या एका बाईला पाठ होता, ती हे चित्र बघायला कधी आलीच नाही. आणि मी मोबाइलवर अमेरिका शोधत बसलो होतो, अक्कांना एक शब्द विचारला नव्हता.

आता विचारलं. "आबा दिसायला कसे होते, आजी काही सांगायच्या?"

"देवीना वन व्हतात," अक्का म्हणाल्या, "बठ्ठा तोंडवर." लहानपणी देवी येऊन चेहराभर वण राहिले होते, म्हणून आबा फोटोला बसायचे नाहीत. आजी चिडलेली नसली की हळूच सांगायची, चेहरा खरबरीत होता, बोट फिरवलं की कळायचा, आणि बोट फिरवू द्यायचे ते फक्त तिला.

अक्का खुर्चीतून उठून चित्राजवळ गेल्या. "चितारीनी वन काढात नही," त्या म्हणाल्या. "तू चित्र काढस ना, भाऊ? मंग वन काढी दे."

मी त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत सोडलं. अक्का रिक्षात बसून गेल्या. अध्यक्षांना यातलं काही सांगितलं नाही. दोन आठवडे मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. कालच्या दुपारी गेलो, शिडी लावली, आणि बारीक ब्रशनं त्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या डाव्या गालावर पहिला वण काढला.