क्लोरिनचं क्लोराइड होताना

ओल्या फडक्याने पुसलेला फळा पाहिला आहे तुम्ही? क्षणभर तो कसा काळाभोर, निष्कलंक, जणू आजवर कुणी त्यावर काही लिहिलंच नाही असा दिसतो. आणि मग पंख्याच्या वाऱ्याने ओल उडू लागली की मघाशी पुसलेली अक्षरं भुरकट होऊन हळूहळू वर येतात. खडूचा तो ओलसर, मातकट वास अजून माझ्या नाकात आहे. कोल्हापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेव्हा रसायनशास्त्र शिकवत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि माझं लग्न ठरलं होतं.

रेणुसूत्रं हा माझा लाडका पाठ. दोन मूलद्रव्यांच्या संयुजा तिरप्या बाणांनी एकमेकांच्या पायाशी नेऊन ठेवायच्या की सूत्र सिद्ध होतं. किती निर्मळ, किती न्याय्य देवघेव ती! मग नामकरण. सोडिअम आणि क्लोरिन यांच्या संयोगातून आपल्या रोजच्या जेवणातलं मीठ होतं, त्याचं नाव सोडिअम क्लोराइड. पहिल्याचं नाव जसंच्या तसं, दुसऱ्याचं मात्र बदलायचं. ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड. तोवर हे मी निर्विकारपणे सांगत आले होते. त्या वर्षी मात्र खडू हातात अडखळू लागला. कागलकडची एक धीट मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, कायम दुसऱ्याचंच का बदलायचं?" वर्ग हसला. नियमच आहे तसा, असं म्हणून मी फळा पुसला, आणि दिवसभर मला चैन पडलं नाही.

कारण माझंही नाव बदलायचं ठरलं होतं. होणारी नणंद जयसिंगपूरहून साड्या घेऊन आली तेव्हाच म्हणाली, "शारदा लई जुनं वाटतंय, वैनी. पूनम कसं झ्याक हाय!" हे ती इतक्या मायेने म्हणाली, की भांडायची सोयच उरली नाही. ज्याच्याशी लग्न व्हायचं होतं तो सुभाष भला माणूस. घरचे म्हणतात तर असू दे, एवढंच बोलला. आणि आई? तिने भाकरी थापता थापता, मान वर न करता निकाल दिला, "बाईचं नाव बदलतंयच की. माझं न्हाई बदललं? काय झिजलं माझं?"

आईचं आधीचं नाव मला ठाऊकच नव्हतं! आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, मामा तिला अक्का म्हणत, बाकी जगाला ती सुमन होती. मी विचारलं, तर "जुनं कशाला उकरतीस?" म्हणून तिने पुढचा उंडा परातीत घेतला.

मला मग एक चाळाच लागला. एसटीच्या धुळकट काचेवर बोटाने 'पूनम' लिहायचं, बघायचं, पुसायचं. या नावाने कुणी हाक मारली तर मी वळेन का? आणि नाही वळले, तर ते माणूस काय समजेल? वडिलांनी हौसेने ठेवलेलं, हजेरीला इतकी वर्षं 'हजर' म्हणत आलेलं माझं नाव नेमकं जाणार कुठे? मनातल्या मनात मी रोज भांडत होते, आणि तोंडाने मात्र पत्रिकांवर कुंकू लावायला माणसं बोलवत होते.

लग्न लागलं. पंगती उठत होत्या, आई वाढप्यांवर खेकसत होती, आणि गडहिंग्लजच्या पलीकडून, आईच्या माहेरगावाहून उशिराच्या एसटीने आलेली तिची एक बालमैत्रीण दारातूनच ओरडली, "गौरव्वा!"

त्या कोलाहलात एकटी आई वळली. हातातलं भांडं तिथेच टेकवून, पदर सावरत धावली. दोघी कानडीत काय बोलल्या मला कळलं नाही, पण आईचं तसं खळखळून हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मुंडावळ्यांआडून मी बघत राहिले आणि मला माझाच पाठ आठवला. बोलताना आपण क्लोराइड म्हणतो खरं, पण सूत्रात लिहितो काय? NaCl. तिथे क्लोरिनचा Cl जसाच्या तसा असतो. मग आमच्या घरात तो इतकी वर्षं कुणी वाचलाच कसा नाही? मला रडू आलं. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

पाहुण्यांना दिवेलागणीपूर्वी जयसिंगपूर गाठायचं होतं, म्हणून लक्ष्मीपूजन कार्यालयातच उरकायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले. नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. सुभाषने 'पू' काढला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"थांबा की पावणं," मागून आई म्हणाली. "शारदा हाय ती. शारदाच लिवा."

"अवो मावशी, रीत हाय की," नणंद म्हणाली.

"रीत म्हाईत हाय मला. म्या पुरी केलीया ती."

सुभाषने माझ्याकडे बघितलं, ताट हलकेच हलवून तांदूळ सपाट केले, आणि सावकाश माझं नाव लिहिलं.

आजही फळा पुसल्यावर मी तो वाळेपर्यंत थांबते. आणि माहेरी गेले की उंबऱ्यातूनच हाक मारते, गौरव्वा! आई "गप की, आई म्हण" म्हणून रागावते. पण आधी वळते.