आदेंगकाकाची शीळ

सकाळी डोंगरावरून शीळ आली की आमच्या गावात आता कोणी मान वर करून बघतही नाही. तीन तुटक, चौथी लांब, शेवटी खाली उतरणारी. आदेंगकाका आपल्या पाणवठ्याशी बसून घालतो. पक्षी येत नाही, पाहुणेही येत नाहीत. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," असं लोक म्हणतात. फिरलेलं नाही. फिरलं असतं तर सुटला असता बिचारा.

मी आनी, त्याची शेजारीण. हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांना मी खोल्या देते, जेवायला घालते. तोफेएवढाले कॅमेरे घेऊन पार शांघायहून माणसं येतात आणि माझा जिना चढताना धापा टाकतात. गावातल्या बारा जणांचे जंगलात बारा पाणवठे आहेत. दगड रचून केलेलं डबकं आणि समोर फोटोवाल्यांना बसायला हिरव्या जाळीचं लपण, एवढंच. पण जरीकोंबडा हा दुर्मिळ रानपक्षी यायचा तो फक्त आदेंगकाकाकडे. पोट पांढरंशुभ्र, छाती हिरवी आणि शेपूट दोन हात लांब. त्याच्यामागे चार कोंबड्या.

काका तरुणपणी धनुष्य चालवायचा, फासे लावायचा. त्याने किती कोंबडे मारले ते विचारू नये. जंगल राखीव झालं तेव्हा त्याने धनुष्य चुलीत घातलं आणि वर पाणवठा बांधला. रोज उजाडताना माझ्या पोत्यातले मक्याचे दाणे नेऊन टाकायचे, शीळ घालायची आणि मागे सरून गप्प बसायचं. दोन हिवाळे काहीच आलं नाही.

"काका, बायकोसाठी एवढं थांबला असतात तर ती माहेरी गेली नसती," मी चिडवायची.

"तिला मका आवडायचा नाही," तो म्हणायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात कोंबडा आला. सहाव्यात तो शीळ ऐकून धावत यायचा आणि काकाच्या बुटाशेजारचे दाणे टिपायचा. पहिल्यांदा टिपले त्या दिवशी काका माझ्या चुलीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "आनी, मला घाबरत नाही गं तो. मला!"

गेल्या हिवाळ्यात कुनमिंगचे छिन मास्तर आले. निवृत्त शिक्षक, भला माणूस, ताटात शीत टाकायचा नाही. "आजोबा, पुन्हा एकदा शीळ घाला," म्हणून त्यांनी फोनवर सगळं टिपलं. शीळ, धावत येणारा कोंबडा, हसणारा काका. ते त्यांनी इंटरनेटवर टाकून सगळ्या जगाला दाखवलं. काका तर हरखूनच गेला. ज्याच्या हातात फोन दिसेल त्याला म्हणायचा, "लाव की माझी शीळ." मीसुद्धा दहादा लावली. आमच्यापैकी एकालाही कळलं नाही, की आपण चोराच्या हाती किल्ली देतोय.

यंदा थंडी पडली आणि कोंबड्या कमी होऊ लागल्या. आधी एक, मग एकदम दोन. काका शोधत वरच्या धारेवर गेला, मीही बरोबर होते. बांबूच्या बेटातून शीळ आली. तीन तुटक, चौथी लांब. काका जागच्या जागी थबकला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ मिटलेले होते.

बांबूला मुठीएवढा एक डबा बांधला होता, त्यातून काकाची शीळ वाजत होती. खाली मक्याचे दाणे आणि तारेचे फासे. एका फाशात चौथी कोंबडी होती, अजून गरम. काकाने फासा बोटाने चाचपला. "चांगला बांधलाय," एवढंच म्हणाला. वनरक्षक आले, डबा घेऊन गेले. माणसं सापडली नाहीत. डबा काय, कुठेही दुसरा मिळतो.

उरला एकटा कोंबडा.

नववर्षासाठी माझ्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. काकाने एकेका पाहुण्याला 'पाणवठा बंद आहे' म्हणून हात जोडून परत पाठवलं. मी भडकले, त्याला नाही नाही ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि माझं पातेलं आणि झाकण मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. काकाने शीळ घातली. कोंबडा धावत आला. काकाने पातेलं बडवलं, आरडाओरडा केला. कोंबडा चार पावलं मागे सरला आणि दाण्यांची वाट बघत उभा राहिला.

"गंमत वाटतेय त्याला," काका म्हणाला. "शीळ म्हणजे मरण, हे कसं शिकवू गं याला?"

त्याने दगड उचलला. त्याचा नेम आजही चुकत नाही. दगड कोंबड्याच्या पायावर बसला. कोंबडा फडफडत झाडीत गेला. काका खाली बसून लहान पोरासारखा रडला. माझ्याच्याने जवळ जाववलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोंबडा लंगडत आला. शीळ ऐकून, मक्यासाठी. काकाने पुन्हा दगड मारला. पाचव्या दिवशी तो बांबूआडून नुसता बघत राहिला. सहाव्या दिवशी आलाच नाही.

मी मक्याची दारू घेऊन काकाच्या दारात गेले. "शिकला हो काका, शेवटी शिकला!"

काकाने पेला घेतला नाही. "शिकला की फाशात सापडला?"

मी पेला परत बाटलीत ओतला.

त्या गोष्टीला आता महिना झाला. काका रोज वर जातो. परवा मी त्याच्याबरोबर गेले. त्याने शीळ घातली. आम्ही कान देऊन बसलो. पान हललं नाही.

"काही ऐकू आलं तुला? माझे कान गेलेत."

"नाही, काका."

"बरं झालं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "नक्की नाही ना?"

उतरताना त्याचा हात खिशातच होता. माझ्या दारात आल्यावर त्याने मूठ उघडली आणि घामाने ओले झालेले मक्याचे दाणे परत माझ्या पोत्यात टाकले.